एकच इमारत, दोन जोडण्या: विजेच्या रचनेतले पर्याय मॉडेलमध्ये कसे सांभाळायचे

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा आहे, पण ज्यांनी एखाद्या इमारतीचं विजेचं काम केलं आहे किंवा करून घेतलं आहे, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. डिझाइनच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "डीबी या टोकाला ठेवायची की त्या टोकाला? दोन्ही करून बघू ना." बोलणाऱ्याचं चुकत नाही. दोन्ही बघितल्याशिवाय ठरवणं हे खरं तर चुकीचं. पण हे 'दोन्ही' एकाच मॉडेलमध्ये मांडायचं कसं, त्यांची तुलना करायची कशी आणि एक पर्याय ठरला की दुसरा नीट मिटवायचा कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. मग होतं काय, की साईटवर गेलेल्या नकाशावर डीबी एका पर्यायातली असते आणि केबलची यादी दुसऱ्या पर्यायातली.

आम्ही आज उदाहरणासाठी रेव्हिट हे सॉफ्टवेअर घेणार आहोत, कारण आपल्याकडच्या सल्लागार कार्यालयांत ते बरंच वापरलं जातं. बटणं शिकवण्याचा आमचा हेतू नाही. विजेच्या रचनेत 'पर्याय' म्हणजे नेमकं काय आणि त्याची सीमा कुठे आखायची, हा आजचा प्रश्न आहे.

मॉडेलचं वचन

आधी थोडं मागे जाऊ. कागदावरच्या नकाशात प्लॅन वेगळा, सेक्शन वेगळा, यादी वेगळी. एक खिडकी हलवली की चार कागद दुरुस्त करायचे. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली 'बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टीम'ची कल्पना मांडली. त्यात म्हणणं असं होतं, की इमारतीचं वर्णन संगणकात एकदाच ठेवा, नकाशे त्या वर्णनातून काढा. बदल एकदाच करायचा, सगळीकडे आपोआप दिसेल. आज ज्याला आपण बिम म्हणतो, त्याचा गाभा हाच आहे. रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० साली आली, २००२ मध्ये ऑटोडेस्कनं ती कंपनी घेतली, आणि हेच वचन रोजच्या कामात उतरलं.

आता बघा, हे वचन काय सांगतं? इमारत एक, तिचं वर्णन एक. आणि पर्याय काय मागतो? इमारत एक, पण काही दिवस तिची दोन वर्णनं. म्हणजे पर्याय हा मॉडेलच्या मूळ स्वभावाच्या विरुद्ध जाणारा पाहुणा आहे. त्याला जागा द्यावी लागते, पण कोणती खोली द्यायची आणि किती दिवस, हे आधी ठरवावं लागतं.

सॉफ्टवेअर काय देतं

रेव्हिटमध्ये यासाठी 'डिझाइन ऑप्शन' नावाची सोय आहे. तिची रचना सोपी आहे. जे सगळ्यांना समान ते मुख्य मॉडेल. ज्या प्रश्नावर निर्णय व्हायचा आहे, त्या प्रत्येक प्रश्नासाठी एक ऑप्शन सेट. त्या सेटमध्ये दोन किंवा जास्त ऑप्शन, आणि त्यातला एक 'प्रायमरी'. वेगळं काही सांगितलं नाही, तर प्रत्येक व्ह्यूमध्ये आणि प्रत्येक यादीत मुख्य मॉडेल अधिक प्रायमरी एवढंच दिसतं. दुसरा ऑप्शन बघायचा असेल, तर त्यासाठी वेगळा व्ह्यू करून त्यात तो ऑप्शन निवडावा लागतो. शेड्यूलचंही तसंच.

निर्णय झाला की 'ॲक्सेप्ट प्रायमरी'. त्या क्षणी प्रायमरीमधल्या वस्तू मुख्य मॉडेलमध्ये विरघळतात आणि त्या सेटमधले बाकीचे ऑप्शन पुसले जातात.

इथे दोन शब्दांशी गल्लत होते, ती आधीच दूर करू. फेज म्हणजे काळ: जुनं, पाडायचं, नवं. वर्कसेट म्हणजे कामाची वाटणी: कोण काय हाताळतो. ऑप्शन म्हणजे 'हे किंवा ते'. जुन्या इमारतीत नवं वायरिंग करायचं असेल, तर तो फेजचा विषय. नवं वायरिंग पूर्वेकडून आणायचं की पश्चिमेकडून, हा ऑप्शनचा विषय.

भिंत आणि सर्किट

आर्किटेक्टसाठी ही सोय बऱ्याच अंशी पुरते. प्रवेशद्वार गोल करायचं की चौकोनी? दोन ऑप्शन करा, दोन चित्रं काढा, मालकाला दाखवा. भिंतीला शेजारच्या भिंतीशी जुळवून घ्यावं लागतं, एवढंच. चार खोल्या पलीकडच्या भिंतीचं तिला देणंघेणं नसतं.

विजेचं तसं नाही. दिव्याचा पॉइंट एका सर्किटवर असतो, सर्किट एका डीबीवर, डीबी एका सबमेनवर, सबमेन मुख्य पॅनेलवर, आणि पॅनेल मीटर किंवा जनरेटरवर. ही साखळी आहे. खालच्या टोकाला एक एसी वाढवला, तर लोड एकेक कडी चढत वरपर्यंत जातो. मॉडेलमध्येही तसंच. डीबी हलवली की फक्त एक पेटी हलत नाही. तिला लागलेल्या सगळ्या सर्किटची लांबी बदलते, सबमेनची लांबी बदलते, कदाचित केबलचा आकार बदलतो.

आणि मॉडेलमध्ये एक पक्का नियम आहे: दिव्याच्या एका पॉवर कनेक्टरला एकच सर्किट. हे बरोबरच आहे, प्रत्यक्षातही दिवा दोन एमसीबींवर नसतो. पण पर्यायांच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो? दिवा मुख्य मॉडेलमध्ये आहे, 'अ' ऑप्शनमध्ये डीबी पूर्वेला, 'ब' ऑप्शनमध्ये पश्चिमेला. आपल्याला वाटतं, की 'अ' बघताना दिवा पूर्वेच्या डीबीवर दिसावा आणि 'ब' बघताना पश्चिमेच्या. तसं होणार नाही. तो एकच दिवा आहे, त्याला एकच सर्किट मिळणार.

आजच्या विषयाचा सगळा गाठोडा इथे आहे. वस्तूंचे पर्याय मॉडेलला कळतात, पण नात्यांचे पर्याय त्याला आपण समजावून द्यावे लागतात. म्हणून ऑप्शनची सीमा वस्तू बघून आखू नका. साखळी कुठे स्वच्छ तोडता येते, ते बघून आखा.

एक उदाहरण घेऊ

समजा, तालुक्याच्या गावी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय बांधायचं आहे. तळमजला अधिक एक. इमारत लांबट, साधारण ७० मीटर. मीटर आणि मुख्य पॅनेल पूर्वेच्या टोकाला, कारण रस्ता तिकडे आहे. पुरवठा थेट सार्वजनिक जाळ्यातून, ४०० व्होल्ट तीन फेज. प्रसूतिकक्ष आणि एक वॉर्ड पश्चिमेच्या टोकाला.

पर्याय 'अ': प्रत्येक मजल्यावर पूर्वेला एकच मोठी डीबी. सगळी सर्किटं तिथून निघणार. देखभाल एका जागी, केबल कमी, शाफ्ट एक.

पर्याय 'ब': प्रत्येक मजल्यावर पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशा दोन डीबी. पश्चिमेला सबमेन केबल न्यायची, पण तिथली सर्किटं आखूड होणार.

कागदावर 'अ' स्वस्त दिसतो. आता जरा हिशेब करू. तांब्याचा रोध कामाच्या तापमानाला साधारण ०.०२२५ धरू, म्हणजे एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेला इतके ओहम. लोड सर्किटच्या शेवटी आहे असं धरू, पॉवर फॅक्टर एक धरू. साधा, पण दोघांना सारखाच न्याय देणारा हिशेब.

'अ' मध्ये मुख्य पॅनेलपासून डीबीपर्यंत २० मीटर, ८० अँपिअर, २५ चौरस मिलिमीटरची केबल. व्होल्टेज पडतं सुमारे अडीच व्होल्ट, म्हणजे ०.६ टक्के. तिथून पश्चिमेच्या दिव्यांपर्यंत ४५ मीटर, दीड चौरस मिलिमीटरची तार, ५ अँपिअर. जाऊन-येऊन ९० मीटर तार झाली. पडतं ६.७५ व्होल्ट, २३० वर ते २.९ टक्के. एकूण साडेतीन टक्क्यांच्या वर.

'ब' मध्ये पश्चिमेच्या डीबीपर्यंत ५५ मीटर, ४० अँपिअर, १६ चौरस मिलिमीटर. पडतं सुमारे ५.४ व्होल्ट, १.३ टक्के. पुढे दिव्यांपर्यंत फक्त १५ मीटर, म्हणजे सव्वादोन व्होल्ट, एक टक्का. एकूण २.३ टक्के.

आयईसी ६०३६४ या मानकात सार्वजनिक जाळ्यातून थेट पुरवठा असलेल्या इमारतीत दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के एवढी घट सुचवली आहे. म्हणजे 'ब' बसतो, 'अ' दिव्यांसाठी बसत नाही. मग 'अ' बाद? नाही. पश्चिमेच्या दिव्यांची तार दीडऐवजी अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट २.४ टक्क्यांवर येते. पण मग ती जाड तार 'अ' च्या यादीत आणि 'अ' च्या किमतीत धरली पाहिजे. नाहीतर आपण दुरुस्त केलेल्या 'अ' ची सुरक्षितता आणि दुरुस्त न केलेल्या 'अ' ची किंमत अशा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मांडून मालकाला दाखवतो. फसवायचा हेतू नसतानाही फसवणूक होते, ती अशी.

आणि आकड्यांपलीकडचंही बघा. रात्री प्रसूतिकक्षातल्या प्लगवरची एमसीबी ट्रिप झाली. 'अ' मध्ये नर्सला किंवा वॉर्डबॉयला अख्खा व्हरांडा ओलांडून पूर्वेच्या टोकाला जायचं आहे. 'ब' मध्ये डीबी जवळ आहे. दुसरीकडे, जनरेटरवर चालणारी अत्यावश्यक सर्किटं 'ब' मध्ये दोन्ही टोकांना लागतात, म्हणजे पश्चिमेला एक नाही, दोन सबमेन न्यायच्या: एक साधी, एक अत्यावश्यक. ही दुसरी सबमेन आपल्या वरच्या हिशेबात आलीच नव्हती. मॉडेल नीट मांडलं, तर ती दिसते. घाईत मांडलं, तर ती निविदेनंतर ठेकेदाराला दिसते.

सीमा आखायच्या तीन तऱ्हा

हे रुग्णालय मॉडेलमध्ये मांडायचे तीन मार्ग आहेत. कोणता निवडायचा, हे प्रश्न किती पिकला आहे यावर ठरतं.

पहिला मार्ग, अगदी सुरुवातीचा. दिवे, प्लग, पंखे, खाटेमागची पॅनेल हे सगळं मुख्य मॉडेलमध्ये ठेवा, कारण दोन्ही पर्यायांत त्यांच्या जागा सारख्याच आहेत. ऑप्शनमध्ये फक्त डीबी, केबल ट्रे आणि शाफ्टमधली जागा ठेवा. सर्किट मात्र अजून करूच नका. लोड खोलीनिहाय अंदाजानं, बाजूच्या तक्त्यात काढा. या टप्प्यावर आपल्याला एवढंच विचारायचं असतं: पश्चिमेला डीबीसाठी भिंत मिळते का, ट्रे बीमखालून जातो का, एसीच्या डक्टला आडवा येतो का? या प्रश्नांना सर्किट लागत नाही. जे लागत नाही ते मॉडेलमध्ये घातलं, की ते सांभाळावं लागतं.

दुसरा मार्ग, जेव्हा खरी तुलना करायची असते. आता सर्किट हवं. मग साखळी कुठे तुटते ते शोधा. आपल्या उदाहरणात पूर्वेचा अर्धा भाग दोन्ही पर्यायांत पूर्वेच्या डीबीवरच आहे. तिथले दिवे, प्लग, त्यांची सर्किटं आणि ती डीबी मुख्य मॉडेलमध्येच राहू द्या. पश्चिमेच्या भागातल्या वस्तू मात्र ऑप्शनमध्ये न्या. 'ॲड टू सेट' करताना दोन्ही ऑप्शन निवडले, की प्रत्येकात त्यांची स्वतंत्र प्रत तयार होते. मग 'ब' ऑप्शनमध्ये पश्चिमेची डीबी ठेवून तिथली प्रत तिला जोडा. 'अ' मधली प्रत पूर्वेकडच्या बाजूला जोडायची आहे, तेव्हा 'अ' साठी पूर्वेला पश्चिम भागापुरती एक वेगळी डीबी 'अ' ऑप्शनमध्येच दाखवा. प्रत्यक्षात ती मोठ्या डीबीचाच भाग असेल, पण मॉडेलमध्ये ती वेगळी ठेवल्यानं प्रत्येक ऑप्शनची साखळी त्याच ऑप्शनमध्ये पूर्ण होते आणि मुख्य मॉडेलमधल्या डीबीच्या सर्किट क्रमांकांना धक्का लागत नाही. हा निर्णय नकाशावर टिपेत लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी ती जादा पेटी खरी समजून विकत घेईल.

आणि एक गोष्ट विसरू नका. प्रत झाली, म्हणजे आता पश्चिमेचा प्रत्येक दिवा मॉडेलमध्ये दोनदा आहे. 'अ' मध्ये दिवा हलवला, तर 'ब' मधला हलणार नाही. म्हणून हा मार्ग थोड्या दिवसांसाठीच. आठ-दहा दिवसांत निर्णय होणार असेल तर ठीक. दोन महिने चालणार असेल, तर दोन्ही प्रती एकमेकींपासून हळूहळू दूर जातात आणि शेवटी आपण दोन वेगळ्या रुग्णालयांची तुलना करत बसतो.

तिसरा मार्ग, जेव्हा सगळी व्यवस्थाच वेगळी असते. समजा, 'अ' मध्ये कमी दाबाचा पुरवठा आहे आणि 'ब' मध्ये रुग्णालयाचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. मग मुख्य पॅनेलपासून खालपर्यंत काहीच समान राहत नाही. अशा वेळी ऑप्शनच्या नादी लागू नका. विजेचं मॉडेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आर्किटेक्टची फाइल तिला लिंक करा आणि विजेच्या दोन फाइली करा. यात फाइली वाढतात, पण प्रत्येक फाइलमधली साखळी अखंड राहते. शिवाय ट्रान्सफॉर्मर घेतला, की मानकातली घटीची मर्यादाही बदलते, कारण पुरवठा खासगी होतो आणि तिथे दिव्यांसाठी ६ आणि इतरांसाठी ८ टक्के सुचवले आहेत. असे बदल फाइलच वेगळी असली की सांभाळायला सोपे जातात.

जिथे नेहमी पाय घसरतो

आता काही जागा सांगतो, जिथे अनुभवी माणसांचाही पाय घसरतो.

पहिली, टाइप. ऑप्शनमध्ये वस्तू वेगळ्या असतात, पण त्यांचे टाइप अख्ख्या प्रोजेक्टला समान असतात. 'ब' मध्ये ३६ वॅटऐवजी २० वॅटचा दिवा वापरून बघायचा म्हणून कुणी टाइपमधला वॅटचा आकडा बदलला, तर 'अ' मधले दिवेही २० वॅटचे होतात. तुलना तिथेच संपली, आणि कळतही नाही. नवा टाइप करा, त्याला वेगळं नाव द्या, आणि तोच 'ब' मध्ये वापरा. डिमांड फॅक्टरचंही तसंच. ते विजेच्या सेटिंगमध्ये, सगळ्या प्रोजेक्टसाठी एकत्र असतात. दोन पर्यायांत वेगळी गृहीतकं धरायची असतील, तर ऑप्शन त्याला पुरणार नाही.

दुसरी, लांबी. मॉडेल सर्किटची लांबी काढतं, पण कशी? सगळी उपकरणं धरून, सर्वात लांबचं उपकरण धरून, किंवा आपण आखून दिलेल्या मार्गानं. आपण काढलेल्या कंड्युटमधून ती आपोआप जात नाही. 'अ' साठी एक पद्धत आणि 'ब' साठी दुसरी असेल, तर मघाचा २.९ आणि १ टक्क्याचा हिशेब खोटा ठरेल. तुलनेआधी दोन्हीकडे एकच पद्धत आहे ना, हे बघा.

तिसरी, याद्या. शेड्यूल आपलं आपण प्रायमरी दाखवतं. 'ब' ची यादी म्हणून छापलेला कागद प्रत्यक्षात 'अ' चा असू शकतो. म्हणून प्रत्येक ऑप्शनचे व्ह्यू आणि शेड्यूल आधी करा, त्यांच्या नावातच ऑप्शनचं नाव ठेवा आणि शीटवरही ते दिसू द्या. "डीबी-पश्चिम, पर्याय ब, मजला १" असं स्वच्छ. 'ऑप्शन २ फायनल नवा' अशा नावानं सहा महिन्यांनी कुणालाच काही कळत नाही.

चौथी, आर्किटेक्टचे ऑप्शन. छतावर बसवलेला दिवा छताबरोबर राहतो. छत ऑप्शनमध्ये असेल, तर दिवाही त्याच ऑप्शनमध्ये लागतो. छत दुसऱ्या फाइलमधलं, लिंक केलेलं असेल, तर आर्किटेक्टनं पर्याय बदलला की दिव्याला आधार राहत नाही. लिंक केलेल्या फाइलमधला कोणता ऑप्शन दाखवायचा, हे प्रत्येक व्ह्यूमध्ये ठरवता येतं. म्हणून आर्किटेक्टला एकच साधा प्रश्न आधी विचारा: तुमचे कोणते सेट अजून उघडे आहेत?

आणि पाचवी, गुणाकार. डीबीच्या जागेचे दोन पर्याय, ट्रेच्या मार्गाचे दोन, जनरेटरच्या जागेचे तीन. किती झाले? सात नाही, बारा. प्रत्येक जोडी तपासलीच पाहिजे असं नाही, पण कोणत्या जोड्या एकमेकींना चालत नाहीत, हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. शक्य असेल, तर एक सेट मिटवूनच पुढचा उघडा.

पर्याय मिटवणं

पर्याय उघडणं सोपं असतं, कारण त्यात कुणाला दुखवावं लागत नाही. मिटवणं अवघड, कारण कुणाचं तरी मत बाजूला पडतं. म्हणून पुष्कळ मॉडेलमध्ये वर्षभरापूर्वीचे ऑप्शन तसेच पडून असतात. प्रत्येक नव्या माणसाला ते बघून प्रश्न पडतो, की हा विषय संपला आहे की नाही.

आम्ही एक साधा कागद सुचवतो. प्रत्येक सेट उघडताना त्यावर पाच गोष्टी लिहा. प्रश्न काय आहे? कोण ठरवणार? कधीपर्यंत? कशाच्या आधारावर, म्हणजे व्होल्टेजची घट, केबलची लांबी, किंमत, देखभाल, यांतलं काय? आणि काय तपासलं नाही? ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. रुग्णालयाच्या उदाहरणात तिथे "अत्यावश्यक सबमेनची किंमत 'ब' मध्ये धरलेली नाही" असं लिहिलेलं असतं, तर बैठकीत कुणीतरी ते विचारलं असतं.

निर्णय झाला की 'ॲक्सेप्ट प्रायमरी' करण्याआधी मॉडेलची एक प्रत तारखेसह जपून ठेवा. आयएसओ १९६५० हे २०१८ चं मानक माहितीच्या चार अवस्था सांगतं: कामात असलेली, इतरांना दिलेली, अधिकृत झालेली आणि संग्रहातली. आपला नाकारलेला पर्याय संग्रहात जायला हवा. तो कामात असलेल्या फाइलमध्ये रेंगाळता कामा नये. स्वीकारल्यानंतर एकदा सगळं तपासा: एखादा दिवा सर्किटविना राहिला का? डीबीवरचे सर्किट क्रमांक नकाशाशी जुळतात का? एकूण लोड मुख्य पॅनेलपर्यंत पोहोचतो का? मघाशी 'अ' मध्ये वेगळी दाखवलेली डीबी आता मोठ्या डीबीत सामावली का? हे झालं, की मगच नवी आवृत्ती बाहेर द्या.

वायरमन नकाशा बघून भोक पाडतो, पाइप टाकतो, वर प्लास्टर होतं. प्लास्टरखाली पर्याय नसतो. तिथे गेलेली एकच तार खरी, आणि ती पुढची वीस-तीस वर्षं तिथेच राहणार. म्हणून 'दोन्ही करून बघू' हे जरूर म्हणा, पण 'आता एकच' हे म्हणायची तारीखही त्याच बैठकीत ठरवा.

प्रश्नोत्तरं

*एका श्रोत्याचा प्रश्न होता, की लहान बंगल्याच्या कामाला हे सगळं कशाला?*

बंगल्याला नकोच. एक डीबी, दहा-बारा सर्किटं; तिथे हातानं दोन नकाशे काढा आणि मालकासमोर ठेवा. ऑप्शनचा फायदा तेव्हा होतो, जेव्हा एका बदलाचा परिणाम आपल्याला एका नजरेत दिसत नाही. पण कागदावरच्या त्या पाच ओळी मात्र बंगल्यालाही लिहा. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

*दुसरा प्रश्न: ऑप्शन स्वीकारल्यावर मालकानं मन बदललं, तर?*

म्हणूनच संग्रहातली प्रत. पण ती उघडून तिथूनच पुढे काम सुरू करू नका, कारण मधल्या काळात चालू मॉडेलमध्ये झालेले बदल त्या प्रतीत नाहीत. चालू मॉडेलमध्ये नवा सेट उघडा आणि जुन्या प्रतीतून फक्त हवी ती मांडणी आणा. जोडण्या आणल्यावर एकेक तपासा, आल्या असतील असं गृहीत धरू नका. आणि मालकाला सांगा, की हा बदल आहे, पर्याय नाही. पर्यायाला निर्णयाआधी किंमत नसते. बदलाला असते, आणि ती बिलात दिसली पाहिजे.

*शेवटचा प्रश्न: मग दोन्ही पर्याय निविदेत देऊन ठेकेदारालाच भाव विचारला तर?*

विचारू शकता, चांगलाच मार्ग आहे. पण मग दोन्ही पर्यायांच्या याद्या तितक्याच पूर्ण हव्यात. एक पर्याय पूर्ण आणि दुसरा अर्धवट असेल, तर ठेकेदार अर्धवटाला स्वस्त भाव देतो, आणि उरलेला अर्धा भाग आपण नंतर जादा काम म्हणून विकत घेतो. दोघांना सारखा न्याय मिळाला का, हे मॉडेलमध्ये बघितलंत तर निविदेतही तो मिळेल.